पैसे कधी लागणार, ते आधी विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरच्या अर्थविषयक पानावर वाचकांच्या प्रश्नांना तज्ज्ञ मंडळी उत्तरं देतात ते सदर मी नेमाने वाचते. त्याबद्दलच लिहितेय, पत्र जरा लांबलंय, जागेनुसार कापलं तरी चालेल पण पतसंस्था आणि नॉमिनीबद्दलचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

त्या सदरात बहुतेक प्रश्न एकाच साच्यातले असतात. माझ्याकडे हे हे नऊ म्युच्युअल फंड आहेत, ठेवू का बदलू? मग उत्तर येतं की यातले दोन काढा, अमुक घ्या, बाकी चालू ठेवा. विचारणाऱ्याचं वय दिलेलं असतं, कधी पगारपण असतो, पण ते पैसे त्याला कधी लागणार आहेत आणि कशाला, हे तो सांगत नाही आणि उत्तर देणारेही विचारत नाहीत. मला हे फार खटकतं, कारण पोर्टफोलिओचा, म्हणजे आपल्या सगळ्या गुंतवणुकीचा, हिशोब तिथूनच सुरू होतो.

मी नाशिकला पोस्टात काउंटरवर एकतीस वर्षं काम केलं. आरडी, एनएससी, पीपीएफ, ज्येष्ठ नागरिक योजना, सगळी पासबुकं हाताखालून गेलीत. रिटायर झाल्यावर सिडकोतल्या आमच्या सोसायटीतले लोक कागद घेऊन यायला लागले, काकू जरा बघता का म्हणून, आणि आता दर रविवारी सकाळी दोन तीन घरं तरी येतात. मी सल्लागार नाही, कुठला फंड घ्या हे मी कुणाला सांगत नाही, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केलेले सल्लागार असतात. मी फक्त कागद एकत्र लावून देते आणि प्रश्न विचारते. पण इतक्या घरांचे कागद बघितल्यावर कळतं की सगळे फिरून फिरून त्याच सात आठ गोष्टी विचारतात आणि त्यांची सरळ मराठीत उत्तरं त्यांना कुठेच मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे किती फंड असावेत. एक जोडपं आलं होतं, दोघं आयटीत, मोबाइलवर चौदा फंडांच्या एसआयपी, म्हणजे दर महिन्याचे हप्ते, त्यातले पाच लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे. विचारलं पाच कशाला, तर म्हणे रिस्क विभागली जाते ना काकू. आता सेबीने २०१७ मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले त्यानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावे लागतात. म्हणजे पाच मॅनेजर असले तरी दुकान एकच, आणि त्या शंभरातल्या वरच्या दहा पंधरा मोठ्या बँका, रिलायन्स, इन्फोसिस हे तर जवळपास सगळ्यांकडेच असतात. आम्ही त्या पाचही फंडांच्या पहिल्या दहा दहा कंपन्या कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या तर सात नावं पाचही ठिकाणी. पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, वाईट वाटलं मला, कारण चूक तिची नव्हती, तिला हे कुणी दाखवलंच नव्हतं. दर वर्षी जो फंड यादीत पहिला दिसला तो त्यांनी घेतला, जुना काही बंद केला नाही, असे चौदा झाले.

मग मी त्यांना विचारलं यातले पैसे कधी काढायचे आहेत. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तो म्हणाला लाँग टर्म, ती म्हणाली अरे पुढच्या वर्षी फ्लॅटचं डाउन पेमेंट यातूनच करायचं ठरलंय ना. एका घरात, एका सोफ्यावर बसून दोघांचे हिशोब वेगळे, आणि एवढे पैसे स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडात, जे फार वरखाली होतात.

इथेच ते मार्केट खूप वर गेलंय काकू आता काढून घेऊ का, किंवा पडलंय तर एसआयपी थांबवू का, हे प्रश्न येतात. याचं उत्तर निर्देशांकात नसतंच. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर होता, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली जाऊन आला, आणि परत २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी आली. ज्याला २०२० मध्ये पैसे लागणार होते त्याला मधली तीन वर्षं नुसती त्रासाची गेली, नुकसान काही झालं नाही, उलट एसआयपी चालू असेल तर स्वस्तात युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, मिळाले. पण ज्याच्या मुलीचं लग्न २००९ च्या मे महिन्यात होतं आणि सगळे पैसे शेअर्समध्ये होते त्याचं काय झालं असेल विचार करा. मार्केट तेच, पडणं तेच. कोरोनाच्या वेळीही जानेवारी २०२० ला ४२,००० असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरात परत ४२,००० च्या पुढे. माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये घाबरून सगळं विकलं आणि जेव्हा सगळं ठीक दिसायला लागलं तेव्हा महागात परत घेतलं. त्या पैशांची त्याला पुढची दहा वर्षं गरज नव्हती. त्याला त्या वेळी कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं की हे पैसे तुला कधी लागणार आहेत, मी पण विचारलं नाही, मला तेव्हा एवढं कळतही नव्हतं.

आणि थांबलं की मिळतंच असंही कुणी छातीठोक सांगू नये. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता, तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, म्हणजे चौतीस वर्षं. आपल्याकडे असंच होईल असं मी म्हणत नाहीये, पण साठीच्या माणसाला सगळी पुंजी इक्विटीत, म्हणजे शेअर्स आणि शेअर्सच्या फंडांत, ठेव म्हणणाऱ्याला हे माहीत असायला पाहिजे.

म्हणून मी घरी येणाऱ्याला आधी तीन रकाने आखून देते. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे, तीन ते सात, आणि सातच्या पुढचे. हे काही शास्त्र नाही, कुणी पाच दहा धरेल, पण कागदावर लिहायचं आणि नवरा बायको दोघांनी मिळून लिहायचं. पहिल्या रकान्यात शेअर बाजार नको, मग तो वर असो की खाली. एवढं झालं की मार्केट वर आहे का हा प्रश्न निम्म्या घरांत आपोआप बंद होतो.

या रकान्यांवरूनच पुढचं येतं, ते म्हणजे तोल परत साधणं, ज्याला रिबॅलन्सिंग म्हणतात. शब्द ऐकून लोक बिचकतात पण गोष्ट साधी आहे. समजा १० लाख होते, ६ इक्विटीत आणि ४ एफडीत. दोन तीन वर्षांत इक्विटीचे ९ झाले आणि एफडीचे ४ लाख २० हजार. एकूण १३ लाख २० हजार, त्यात इक्विटी ६८ टक्के झाली. तुम्ही ठरवलं होतं ६० टक्के, म्हणजे ७ लाख ९२ हजार. तर १ लाख ८ हजार इक्विटीतून काढून एफडीत टाकायचे, झालं. वर्षातून एकदा, वाढदिवसाला करा नाहीतर पाडव्याला करा, पण तारीख ठरलेली असावी म्हणजे बातम्या बघून हात शिवशिवत नाहीत. लगेच विचारतात टॅक्स किती बसेल. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी फंडावर वर्षाच्या वर ठेवलेल्या युनिटच्या नफ्याला १२.५ टक्के आहे, पण आर्थिक वर्षात १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्याला लागत नाही. वरच्या उदाहरणात विक्रीच १ लाख ८ हजारांची आहे, त्यातला नफा त्याहून कमीच असणार, म्हणजे दुसरा काही नफा त्या वर्षी नसेल आणि युनिट वर्षाच्या वरचे असतील तर टॅक्स शून्य. वर्षाच्या आत विकलं तर मात्र २० टक्के. आणि एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं असं माझं मत झालंय, त्यांना वाटतं पहिल्या हप्त्याला वर्ष झालं की सगळंच सुटलं.

फंड डायरेक्ट घ्यायचा का रेग्युलर, म्हणजे एजंटमार्फत, हाही प्रश्न असतोच. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन आहे, त्यात एजंटचं कमिशन नसतं, फरक साधारण अर्धा ते एक टक्का पडतो. एक टक्क्याला काय होतंय असं वाटतं, पण महिना १०,००० वीस वर्षं भरले, म्हणजे २४ लाख, आणि १२ टक्के धरले तर ९९ लाखांच्या आसपास होतात, ११ टक्के धरले तर ८७ च्या आसपास. हा नुसता हिशोब आहे, १२ टक्के मिळतीलच असं नाही, पण फरक बघा. तरी मी सरसकट डायरेक्ट घ्या म्हणत नाही. आमच्या भागात एक एजंट आहेत, मार्च २०२० मध्ये ते मास्क लावून घरोघरी जाऊन फाटकाबाहेरून सांगत होते एसआयपी बंद करू नका. त्या माणसाने आपलं कमिशन पूर्ण कमावलंय. पण ज्या एजंटने पैसे भरल्यानंतर पाच वर्षांत एकदाही फोन केला नाही त्याला दर वर्षी कशासाठी द्यायचे, हा विचार ज्याचा त्याने करावा.

आता बँकेतल्या विक्रीबद्दल. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, वय तेव्हा ६७. एफडी संपली म्हणून बँकेत गेले, ८ लाख होते. तिथल्या मुलाने केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, आणि म्हणाला काका एफडीसारखंच आहे पण जास्त मिळतं. भाऊजींनी सह्या केल्या. ती विम्याची पॉलिसी होती, वर्षाला दोन लाख असा पाच वर्षं प्रीमियम, हे त्यांना दुसऱ्या वर्षी मेसेज आला तेव्हा समजलं. फ्री लूक म्हणून पॉलिसी हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत परत करता येते, आता ३० दिवस आहेत, पण ते केव्हाच उलटून गेले होते. चार वर्षांचे ८ लाख होते, पाचव्यासाठी बहिणीची आरडी मोडली. भाऊजी शिकलेले आहेत, शाळेत गणित शिकवत होते. ते आजही त्या विषयावर बोलत नाहीत, ताई बोलते. मी सगळ्यांना हात जोडून सांगते, एफडी करायला गेलात तर एफडीची पावती घेऊनच बाहेर या, आणि सही करण्याआधी एकच विचारा, मला हे पैसे पुढच्या वर्षी पाहिजे झाले तर किती परत मिळतील, ते इथेच लिहून द्या.

म्हातारपणी महिन्याला पैसे कसे काढायचे, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात कळकळीने येतो. हल्ली एसडब्ल्यूपी करून, म्हणजे फंडातून दर महिन्याला ठरलेली रक्कम काढत राहून, महिन्याला एक टक्का काढा असं सांगितलं जातं. २० लाख ठेवले तर महिना २०,०००, ऐकायला छान. पण एक टक्का महिन्याला म्हणजे बारा टक्के वर्षाला. पहिल्याच वर्षी बाजार ३० टक्के पडला तर २० चे १४ होतात, त्यातून २ लाख ४० हजार तुम्ही काढलेले, राहिले साडेअकरा लाखांच्या आसपास, आणि आता तेच २०,००० काढायचे तर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर काढताय. मग बाजार परत वर आला तरी तुमचे युनिट संपत आलेले असतात. उलट सगळंच एफडीत ठेवणाऱ्यांना मी दुसरा हिशोब दाखवते, महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, साठीला ३०,००० लागत असतील तर बहात्तरीला ६०,०००. म्हणून घरखर्चाची पाच सहा वर्षांची रक्कम निश्चित व्याजाच्या ठिकाणी, आणि थोडी तरी वाढणाऱ्या ठिकाणी, असं करावं असं मला वाटतं. ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ ला व्याज ८.२ टक्के झालं, दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, या चार महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात आमच्या काउंटरवर जी रांग लागायची ती मी कधी विसरणार नाही, छत्री टेकत आलेले, पिशवीत पासबुक गुंडाळलेलं. त्या लोकांना त्या व्याजावर घर चालवायचं असतं, त्यांच्या बाबतीत कुणी अंदाजाने बोलू नये.

पतसंस्थेबद्दल तर तुम्ही ठळक अक्षरात छापायला पाहिजे. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, आधी १ लाख होता. तो एका माणसाला एका बँकेत मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, शाखा कितीही असोत. लोकांना वाटतं दोन शाखांत ठेवले म्हणजे दहा लाख सुरक्षित, तसं नाहीये. सहकारी बँकांना हा विमा आहे, पण पतसंस्थांना नाही. आपल्याकडे गावोगाव पतसंस्था आहेत, बऱ्याच चांगल्या चालल्यात, अडीअडचणीला त्याच उभ्या राहतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण बोर्डावर मोठ्या अक्षरात ठेवी स्वीकारल्या जातील लिहिलेलं असतं म्हणून ती बँक होत नाही. एक दीड टक्का जास्त मिळतो म्हणून रिटायरमेंटचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवलेले तीन जण माझ्याकडे येऊन गेलेत. तिघांनाही वाटत होतं की सरकारी विमा आहे.

सोन्याबद्दल थोडंच लिहिते. दागिना म्हणजे हौस, त्याला घडणावळ जाते, वर ३ टक्के जीएसटी, तो गुंतवणुकीत मोजू नये. सरकारचे सुवर्णरोखे चांगले होते, २०१५ ला सुरू झाले, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन आलेच नाहीत. आणि ऑप्शन ट्रेडिंगचे प्रश्न घेऊन येणाऱ्या पोरांना मी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल दाखवते, तीन वर्षांत एफअँडओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे, करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांचं नुकसान, सगळ्यांचं मिळून १.८ लाख कोटींच्या वर. याला पोर्टफोलिओ म्हणू नका, एवढंच सांगते.

आता जो प्रश्न कुणीच विचारत नाही तो. मी उद्या नसले तर हे सगळं कुणाला कसं मिळणार? आमच्या सोसायटीतल्या एक ताई, यजमान अचानक गेले, पन्नाशीच्या आतले. सगळं ते बघायचे. फोनला लॉक, ईमेलचा पासवर्ड माहीत नाही. सात महिने लागले आम्हाला नुसतं काय काय आहे ते शोधायला, पॅनवरून फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मागवलं तेव्हा तीन फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, अशी निघाली ज्यांचा पत्ता कुणालाच नव्हता, दोन खात्यांवर नॉमिनी नाही, एकावर लग्नाआधीपासून आईचं नाव. सासूबाई चांगल्या होत्या म्हणून निभावलं. सगळीकडे असं होत नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक असा समज आहे तोही चुकीचा आहे, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं की नॉमिनी झाला म्हणून तो मालक होत नाही, हक्क वारसांचाच राहतो. म्हणजे नॉमिनीही नीट असावा आणि इच्छापत्रही असावं, आणि दोन्हीत मेळ असावा. पन्नास हजाराची एसआयपी करणारी माणसं इच्छापत्राचं नाव काढलं की अपशकुन झाल्यासारखी गप्प होतात. त्या ताई मला म्हणाल्या होत्या, काकू, ते गेले त्याचं दुःख करायला मला वेळच मिळाला नाही, मी कागदच शोधत होते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. तुमच्या सदरात प्रश्न पाठवणाऱ्यांसाठी एक छोटा तक्ता छापा, त्यात पैसे कधी लागणार, घरात कोण अवलंबून आहे, तातडीचे सहा महिन्यांचे पैसे वेगळे आहेत का, विमा किती, नॉमिनी कोण, जोडीदाराला हे माहीत आहे का, एवढं भरल्याशिवाय फंडाचं नाव विचारता येणार नाही असा नियम करा. आणि दर दिवाळीला एक अख्खं पान असं द्या की ज्यावर घरातल्या सगळ्या खात्यांची, पॉलिसींची, फोलिओंची यादी हाताने लिहिता येईल, खाली दोघांच्या सह्या. लोक तुमचा पेपर कापून ठेवतात हो, माझ्या कपाटात तुमच्या पानाची कात्रणं आहेत. मोबाइलमध्ये असलं की ते एकाचंच राहतं, कागद डब्याखाली ठेवला तरी घरातल्या कुणालातरी सापडतो.

तक्त्याचा मी केलेला कच्चा नमुना सोबत ईमेलला जोडला आहे, त्यात तुमच्या तज्ज्ञांनी काय हवी ती दुरुस्ती करावी. चार वर्षं वापरून त्यात तीनदा बदल केलेत, शेवटचा रकाना, घरात हे कागद कुठे ठेवलेत हा, त्या ताईंच्या सांगण्यावरून घातलाय.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, सिडको, नाशिक